गुनवोरची घसरखुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. पण घरातल्या कोपऱ्यात बसून राहणाऱ्या खुर्च्यांमध्ये मला मोजलंत तर मला राग येईल. माझ्या पायांखाली पोलादाच्या दोन लांबलचक पट्ट्या आहेत आणि पाठीवर धरायला एक दांडा. एकाने माझ्यावर बसायचं, दुसऱ्याने मागे एका पट्टीवर पाय ठेवून उभं राहायचं आणि मोकळ्या पायाने बर्फाला लाथ मारत सुटायचं. गोठलेल्या तळ्यावर मी धावायला लागले की कुत्रीसुद्धा मागे पडतात. एवढं असून आमच्या मीरनेस गावात माझं नाव काय, तर नुसतं ‘लाथ’. अशी नावं ठेवणाऱ्या माणसांकडून कौतुकाची अपेक्षा करायची नसते, हे मी फार लवकर शिकले.

माझा जन्म झाला तो एल्सीच्या जन्मामुळे. हिल्मर लोहाराची बायको अडली होती. गावची सुईण हुल्डा तळ्यापलीकडचं एक बाळंतपण उरकून, बर्फ तुडवत नुकती घरी पोचली होती. तिने बूटही न काढता शेजारचं लोहाराचं घर गाठलं आणि मायलेकींना सुखरूप सोडवलं. हिल्मरला आभार मानता येत नसत. त्याची जीभ जड, हात मात्र हलका. त्याने भट्टी पेटवली, माझ्या पट्ट्या ठोकल्या, बर्चच्या लाकडाची बैठक केली आणि मला हुल्डाच्या दारात आणून उभं केलं. "पुढल्या खेपेला चालायला नको," एवढं बोलून तो परत फिरला. कॉफीलासुद्धा थांबला नाही. म्हणजे केवढा गहिवरला होता बघा!

हुल्डाची लेक गुनवोर तेव्हा नुकती उभी राहायला शिकत होती. माझ्याच पायाला धरून शिकली. पुढे ती मोठी कादंबरीकार झाली, स्टॉकहोमच्या वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले, तिच्यावर लोकांनी जाडजूड लेख लिहिले. लिहू देत बापडे. माझ्या लेखी ती नाक वाहणारी आणि माझ्या बैठकीला दात लावून बघणारी पोरगीच. त्या दातांच्या खुणा अजून आहेत.

शाळा तळ्याच्या पलीकडच्या काठावर. एल्सी माझ्यावर बसायची, गुनवोर लाथ मारायची. हे कधी ठरवलं नाही, तशी सवयच पडून गेली. एल्सी बुटकी, गोल, शांत. गुनवोर काटकुळी आणि तिच्या अंगाला घटकाभर स्वस्थता नाही. तिचा पाय चालायला लागला की तोंडही चालू व्हायचं. वाटेतल्या प्रत्येक घराची, प्रत्येक गाईची ती गोष्ट रचायची आणि समोरच्या लोकरी टोपीला सांगायची.

आता एक सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्याकडची माणसं समोरासमोर बसली की मुकी होतात. स्वयंपाकघरात कॉफी पिताना दोघंही खिडकीकडे बघतात. हवेबद्दल दोन वाक्यं झाली की गप्पांचा कार्यक्रम आटोपला. पण माझ्यावर बसलं की कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही. पुढचीला तळं दिसतं, मागचीला टोपी. मग बोलायची चोरी उरत नाही. गावातली किती लग्नं माझ्यासारख्या खुर्च्यांवर ठरली असतील! पण श्रेय मिळतं ते मधल्या मावशीला.

एल्सी काही बोलायची नाही. पटलं तर आमच्याकडे ‘हो’ म्हणायलाही शब्द खर्च करत नाहीत. ओठांचा चंबू करून झटकन श्वास आत ओढायचा, ‘शुप्!’ झालं. परक्या माणसाला वाटतं, ठसका लागला की काय. एल्सीचा तो ‘शुप्’ आला की गुनवोर पुढे सरकायची. नाही आला की तिथेच अडायची, मागचं मोडायची, निराळं सांगून बघायची. शाळा सुटली, गुनवोर दूधकेंद्रात कामाला लागली, एल्सी गावच्या दुकानात गल्ल्यावर बसली. तरी सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना हेच चालू. गुनवोरची पहिली कादंबरी अशी सबंध हिवाळाभर तळ्यावरून ये-जा करत तयार झाली. कागदावर तिने ती नुसती उतरवून काढली. समीक्षकांनी लिहिलं की लेखिकेच्या वाक्यांना एक विलक्षण लय आहे. असणारच हो! लाथ, घसरण, लाथ, घसरण. ती लय माझी आहे.

गावाने काय केलं? काही नाही. दुकानात कुणी तरी म्हणालं, "छापलंय म्हणे तुझं." दुसरं म्हणालं, "हं. यंदा थंडी लवकर पडली." वाचनालयात ते पुस्तक कधी जागेवर सापडायचं नाही, पण वाचलंय असं कबूल करणारा माणूस गावात एक नव्हता. दुसरी कादंबरी आली, ती त्याहून गाजली. तेव्हाही तेच. गुनवोर खूश होती. गावाला आवडलं नसतं तर ते थंडीबद्दलही बोललं नसतं.

घोळ झाला तो तिसऱ्या कादंबरीत.

त्या हिवाळ्यात गुनवोर मागे उभी राहून भलतंच काहीबाही बोलायला लागली. दूधकेंद्रातल्या भांडणांबद्दल, नव्या पाद्रीबुवांच्या नाकाबद्दल. गोष्ट मात्र सांगेना. एल्सी वाट बघत असायची, मला तिच्या पाठीवरून कळायचं. घरी आलं की गुनवोरच्या खोलीत उशिरापर्यंत टंकयंत्राची टकटक. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बाई, काही तरी शिजतंय.

पुस्तक आलं तेव्हा कळलं. त्यात एक दुकानात काम करणारी, बुटकी, अबोल बाई होती. तिला मागणी घालायला नदीवरून लाकडं वाहून नेणारा एक रुबाबदार माणूस येतो. ती त्याच्यापुढे कॉफी ठेवते, आणि कॉफीबरोबर, घरी भाजलेल्या बनऐवजी, दुकानातली पुड्याची बिस्किटं. तो बिस्किटांकडे बघतो, काय ते समजतो, टोपी उचलतो आणि कायमचा निघून जातो.

अख्ख्या गावाला ठाऊक होतं की आल्गोत नावाचा असा एक माणूस खरोखर एल्सीच्या घरी आला होता आणि कॉफी पिऊन परत गेला होता. आत काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं. गुनवोरलाही नाही. तिने आपल्या मनाने भरून काढलं होतं. स्टॉकहोमच्या एका विद्वानाने लिहिलं, ‘त्या विकतच्या बिस्किटांत एका स्त्रीचा सगळा नकार सामावला आहे.’ गुनवोरने ते वाक्य कापून आरशाला लावलं.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीप्रमाणे मला घेऊन एल्सीच्या दारात गेली. एल्सी बाहेर आली, पायांत दांडगे बूट.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी काठाकाठाने चालत जाते. कंबरेला बरं असतं."

"तुझी कंबर दुखते? कधीपासून?"

"आजपासून," एल्सी म्हणाली आणि चालू लागली.

भांडण म्हणाल तर एवढंच. आमच्याकडे माणसं रागावत नाहीत, त्यांना कामं निघतात. त्या हिवाळ्यात एल्सीला फार कामं निघाली. गुनवोर माझी रिकामी बैठक ढकलत दूधकेंद्रात जायची. मला तर बाई, पाठीमागे कुणी तरी रडतंय आणि आपण वळून बघू शकत नाही, अशा वेळी लाकूड असल्याची लाज वाटते.

वसंतात ती स्टॉकहोमला राहायला गेली. मलाही नेलं. तिथे माझी जी शोभा झाली ती सांगू नये. रस्त्यांवर बर्फ पडायचा अवकाश, की लोक घसरू नयेत म्हणून लगेच नगरपालिकेची खडी. खडीवर माझी पट्टी घासली की दातांखाली वाळू आल्यासारखं होतं. तिने मला सज्जात ठेवलं आणि माझ्यावर लाल जिरेनियमची कुंडी. आल्यागेल्याला ती माझी ओळख करून द्यायची, "ही आमच्या गावाकडची." पाहुणे म्हणायचे, "किती गोड!" मी गोड! हिल्मर लोहाराच्या हातची मी!

स्टॉकहोमला तिला मोठं टेबल मिळालं, खिडकीतून पाणी दिसणारी खोली मिळाली, बक्षिसं मिळाली. परिसंवादांत ती बसायची, परदेशांत जाऊन यायची. फक्त कादंबरी होईना. तिचा प्रकाशक रूटगर हा सोन्यासारखा माणूस, पण उतावळा. एकदा तिने त्याला सगळं सांगितलं, की गावाकडे आपण गोष्ट अशी लाथ मारत सांगायचो. रूटगर म्हणाला, "मग आहे काय त्यात? मी बसतो!" आणि खरंच एका रविवारी आम्ही गोठलेल्या पाण्यावर गेलो. रूटगर उंच, त्याचे गुडघे हनुवटीला लागलेले, डोक्यावर केसाळ टोपी. गुनवोरने लाथ मारली, पहिलं वाक्य सांगितलं.

"वा!" रूटगर ओरडला. "अप्रतिम! पुढे?"

तिने दुसरं वाक्य सांगितलं.

"थरारक! थांबू नकोस! ती विधवा आहे ना? मला वाटलंच!"

गुनवोर थांबली. माझा दांडा धरून तिथेच उभी राहिली. "थंडी वाजतेय," म्हणाली, आणि त्याला परत घेऊन आली. ज्याला पहिल्या वाक्यापासून सगळंच आवडतं त्याला गोष्ट सांगणार तरी कशी? अडायला जागाच नको का?

अशी बरीच वर्षं गेली. हुल्डा वारल्यावर घर रिकामं पडलं, आणि गुनवोर मीरनेसला परत आली. केस पांढरे, उजवा खुबा धरलेला. मी पुन्हा लाकूडघरात माझ्या जागी. सरपणाचा वास नाकात गेला आणि मला भरून आलं.

आता तुम्हाला वाटेल, दोघी शेजारणी, मध्ये एक शेत, भेटायला कितीसा वेळ! छे. आमच्याकडे न बोलावता जायचं नसतं. कुणाला त्रास द्यायचा नसतो. गुनवोरला वाटायचं, मी तिची गोष्ट जगाला विकली, कुठल्या तोंडाने जाऊ? एल्सीला वाटायचं, म्हणजे मला नंतर कळलं हो, की ही एवढी मोठी झाली, लिहीत असेल, मध्येच जाऊन कशाला व्यत्यय आणू? दर शनिवारी गुनवोर वेलदोड्याचे बन भाजायची आणि खिडकीशी बसून वाट बघायची. शेतापलीकडच्या धुराड्यातून त्याच वेळी धूर निघायचा. रविवारी गुनवोर ते बन पक्ष्यांना घालायची. आमच्या अंगणातल्या चिमण्या इतक्या लठ्ठ झाल्या की त्यांना उडायचा कंटाळा यायला लागला.

मग तो मोठा सन्मान जाहीर झाला, तिच्या सगळ्या लेखनासाठी. गावाला आता गप्प राहणं अवघड होतं. सभागृहात कॉफी ठेवायचं ठरलं. फराळाचं एल्सीकडे, कारण तिच्यासारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. पाहुणीपुढे सात प्रकार ठेवायचे ही आमची रीत. त्याहून कमी ठेवले तर कंजूष, जास्त ठेवले तर मिजासखोर.

फेब्रुवारीतली लखलखीत दुपार होती. गुनवोर मला घेऊन तळं ओलांडून आली. मला सभागृहाच्या पडवीत, सगळ्यांच्या बुटांमध्ये उभं केलं. आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून दार लावतात, पण त्या दिवशी गर्दीने ते लागतच नव्हतं, म्हणून मला सगळं दिसलं. रूटगरही स्टॉकहोमहून आला होता. बूट काढल्यावर त्याच्या मोज्याला भोक दिसलं, आणि गावाला तो एकदम आवडला.

गावसभेचा अध्यक्ष सीवर्ट भाषणाला उभा राहिला. "गुनवोरने पुस्तकं लिहिली आहेत," तो म्हणाला. बराच विचार केला. "बरीच लिहिली आहेत. कॉफी तयार आहे." लोक म्हणाले, सीवर्ट आज फार बोलला.

एल्सीने ताटं आणली. बन, मुरंबा भरलेल्या लांबट वड्या, बदामाचे चुरचुरीत वेढे, सगळे सात प्रकार, एकेक बघत राहावा असा. सगळ्यांपुढे ते मांडले. गुनवोरपुढे मात्र तिने एक निराळी बशी ठेवली. बशीत दुकानातली बिस्किटं. पुड्यातली. गोल, फिकट, सगळी एका मापाची.

सभागृहात चमचा वाजेना. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं होतं, हे त्या क्षणी उघड झालं.

गुनवोरने बशीकडे बघितलं. एल्सीकडे बघायची हिंमत झाली नसावी. तिने एक बिस्किट उचललं आणि खाल्लं. मग दुसरं. ती कोरडी, जुनी बिस्किटं तिच्या घशाखाली उतरत नव्हती, पण ती कॉफीचे घोट घेत खात राहिली. शेवटी बशीत एकच उरलं. शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतात, मग त्याचा अर्धा, आणि कणभर उरलेला तो बशीबरोबर धुतला जातो. गुनवोरने तो अख्खा उचलला आणि तोंडात टाकला. बायकांनी श्वास रोखले. एल्सीने रिकामी बशी उचलली, आत नेली, आणि येताना स्वतःच्या हातचा बन आणून तिच्यापुढे ठेवला.

रूटगरला यातलं काही कळलं नाही. तो गुनवोरच्या कानाशी लागला होता, "एक शेवटची कादंबरी, गुनवोर. एकच. लोक वाट बघताहेत." ती म्हणाली, "माझ्याकडे गोष्टच नाही रे. असती तर दिली नसती का?" तिचे डोळे भरले होते. तो समजला बक्षिसाचा आनंद.

कार्यक्रम संपल्यावर गुनवोर पडवीत बूट चढवत होती. एल्सी आली, टोपी ओढली आणि माझ्यावर येऊन बसली. न विचारता, न बोलता. किती वर्षांनी ते वजन अंगावर आलं! माझी बैठक कुरकुरली; खरं सांगायचं तर ते कुरकुरणं नव्हतं.

तळ्यावर आलो. गुनवोर लाथ मारत होती, धापा टाकत होती.

"रुसली होतीस ना?" ती टोपीला म्हणाली.

"रुसले नव्हते. कामं होती."

"इतकी वर्षं?"

"बरीच कामं होती."

थोडं अंतर गेलं. "आल्गोतचं लिहिलं म्हणून ना?"

"आल्गोतचं काय मेलं एवढं! तो आलेला साऱ्या गावाला दिसलाच होता. बिस्किटं गं, गुनवोर! विकतची बिस्किटं! माझ्या हातचं इतकं खाल्लंस, आणि जगाला सांगितलंस की एल्सी दारी आलेल्यापुढे पुडा फोडते? दुकानात बायका मला विचारायच्या, आज कुठला पुडा उघडलास?"

"अगं, ते प्रतीक होतं."

"प्रतीकं तुझ्या घरी ठेव. माझ्या घरात बन असतात."

गुनवोर हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग एल्सी हळू आवाजात म्हणाली, "सगळ्या गोष्टी मला आधी सांगायचीस. ही नाही सांगितलीस."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते किंवा नसते. ते मला ठरवू द्यायचं होतंस."

खरं दुखणं हे होतं. बिस्किटं होतीच, पण त्यांच्या खाली हे होतं. गुनवोर म्हणाली, "चुकलं माझं." हे दोन शब्द आमच्याकडे लोक मरताना सुद्धा जपून वापरतात.

तळ्याच्या मध्यावर तिचा खुबा साफ धरला. पाय उचलेना. एल्सी उतरली. "चल, बस इथे."

"मी? मी कधी बसलेय?"

"मग आता बस. गप बस मात्र."

एल्सीने आयुष्यात पहिल्यांदा मागे उभं राहून लाथ मारली. आम्ही आधी गोल फिरलो, मग किनाऱ्याऐवजी भलतीकडेच निघालो. एल्सी पुटपुटत होती, मला शिव्या देत होती, पण हळूहळू तिचा पाय बसला. आणि पाय बसला तसं तिचं तोंड उघडलं. "आल्गोत आला तो दिवस सांगते," ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. सगळं. तो काय म्हणाला, तिने काय उत्तर दिलं, आणि का. गुनवोर ऐकत होती. तिची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती, म्हणून मला कळत होतं की ती मध्ये मध्ये श्वास घ्यायचीही विसरते आहे. तिने रचलेली गोष्ट या गोष्टीपुढे किती पोरकट होती! मी इतकी वर्षं कादंबरीकाराच्या घरात काढली, मला थोडंफार समजतं. अशी गोष्ट लेखकाला जन्मात एकदा मिळते, तीही मिळाली तर.

दारात उतरवताना एल्सी म्हणाली, "पाहिजे तर लिही. मी नको म्हणत नाही." मग जाता जाता, "फक्त कॉफीबरोबर बन ठेव."

दुसऱ्या दिवशी रूटगरचा फोन आला. मी पायरीपाशी उभी होते, खिडकी जरा उघडी होती. "सापडलं का काही?" तो विचारत असणार. टंकयंत्र टेबलावर होतं, त्यात कागद चढवलेला होता. गुनवोर म्हणाली, "नाही रे. काही नाही." फोन ठेवला, कागद काढला आणि त्यावर बन गार करायला मांडले.

तिने ती कादंबरी लिहिली नाही. त्यातलं एक वाक्य कुठे वापरलं नाही. पुढे वर्तमानपत्रांनी छापलं की लेखिकेची प्रतिभा आटली. आटली कसली! ते वाचून दोघी इतक्या हसल्या की एल्सीच्या हातून कॉफी सांडली. गुनवोर अजून गोष्टी रचते, पण त्या टोपीपुरत्या. एल्सी अजून मधूनच अडवते. कधी ही बसते, कधी ती.

आता माझंही वय झालं. डाव्या पट्टीला गंज धरतो, गुनवोर मेण चोळते. आताशा गावातही खडी टाकतात, त्यामुळे तळ्यापर्यंत पोचेतो माझे हाल होतात. खडी टाकणाऱ्या दादांनो, हे कुणी तुमच्या कानावर घालत असेल तर रस्त्याची एक कड तेवढी मोकळी सोडा. दोन म्हाताऱ्यांना अजून बरंच बोलायचं आहे.

आणि तुम्ही? मला ठाऊक आहे, केव्हापासून तुमच्या ओठांवर एकच प्रश्न आहे. त्या दिवशी आल्गोतला एल्सी काय म्हणाली? तळ्यावर ती सांगत होती तेव्हा मी तिथे होते, शब्द न् शब्द ऐकलाय, आणि मला बोलताही येतं, हे तर तुम्ही पाहिलंच. पण जिच्या हातात ती गोष्ट लिहायची लेखणी होती तिने ती खाली ठेवली. मग मी कोण सांगणारी? मला विचारू नका.